पोटातलं खोटं

७ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही दोनदा फोन कापलात. तिसऱ्यांदा करायची माझी छाती झाली नाही, म्हणून लिहिते आहे. पाकिटावर मागच्या बाजूला माझं नाव घातलेलं नाही. नाव पाहिलं असतंत तर उघडलंच नसतंत. हीसुद्धा लबाडीच आहे, पण एवढी चालवून घ्या.

तुम्ही बदली मागून गावाबाहेरच्या कोठारात गेलात, हे मला तिकीट खिडकीवरच्या बाईकडून कळलं. संग्रहालयात सहा वर्षं एका दाराच्या दोन बाजूंना आपण दोघी उभ्या होतो, मी दगडांच्या दालनात आणि तुम्ही पक्ष्यांच्या, आणि बदलीची बातमी मला तिसऱ्याच माणसाकडून कळावी. बरोबरच आहे म्हणा. तुमच्या जागी आता एक नवीन बाई आली आहे. ती घुबडाच्या पेटीला टेकून जांभया देते. काचेवर तिच्या कोपराचे डाग पडतात. तुम्ही असतात तर तिला त्या काचेवरून फडकं फिरवायला लावलं असतंत.

गुडघ्याला दुसरं इंजेक्शन घ्यावं लागलं, असं ऐकलं.

झालं ते तुम्ही इथे कोणालाही सांगितलं नाहीत. जाताना एक शब्दसुद्धा बोलला नाहीत. सगळं पोटात ठेवलंत. मला त्याचीच जास्त लाज वाटते.

एवढंच सांगायचं होतं की मी तुम्हाला फसवायला निघाले नव्हते. तुम्हीच माझ्या पोटाकडे पाहिलंत, तुम्हीच काय ते समजलात, मी नुसती गप्प राहिले. गैरसमज होता तो. वेळीच दूर करायला हवा होता, तेवढी चूक माझी. माफ करा.


१६ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि दहा पावलांवर थांबले. हात आत जाईल का म्हणून पुन्हा मागे जाऊन पाहिलं. गेला नाही. 'गैरसमज' हा शब्द मी लिहायला नको होता.

हे घरून लिहिते आहे. रजेवर आहे. कसली रजा ते पुढे सांगेन, आत्ता धीर नाही.

आधी आजाराचं सांगते, कारण तुम्हाला तो कधी सांगितलाच नाही. तुम्ही मला तुमच्या जावयाचं पिणं सांगितलंत, स्वतःच्या ऑपरेशनची शिवण दाखवलीत, आणि मी तुम्हाला पोट दुखतंय एवढंही कधी बोलले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आयबीएस. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. आतडं दिसायला ठणठणीत आहे, फक्त चिडकं आहे म्हणे. काहीही खाल्लं की फुगतं. कधी चार दिवस अडून बसतं, कधी तासात तीनदा पळवतं. मला आपले साहेब आठवले. तेही राग आला की बोलत नाहीत, नुसती शिट्टी वाजवतात. आपण त्यांना शिट्टी म्हणतो हे त्यांना कळलं असावं असं मला वाटतं.

दगडांच्या दालनात लोक उगाचच कुजबुजत बोलतात. त्या शांततेत माझं पोट गुरगुरायचं. एकदा शाळेची अख्खी रांग वळून पाहायला लागली आणि एका चिमुरडीने तिच्या बाईंना विचारलं, दगड बोलतात का? तुम्ही दारातून ऐकलंत आणि पोट धरून हसलात. मीही हसले. मग तळघरातल्या स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले.

त्यानंतर मी सकाळचं खाणं सोडलं. पोटात काही गेलंच नाही तर ते ओरडेल कशाला, असा माझा हिशोब. ते जास्तच ओरडायला लागलं. अकरा वाजता हातपाय कापायचे, बारा वाजता डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि दोनच्या सुट्टीत मी डब्यावर अशी तुटून पडायचे की दहा मिनिटांत डबा रिकामा. चार वाजता पोट ढोलासारखं ताणलेलं. कोटाचं खालचं बटण लागायचं नाही.

मधे जायचं म्हटलं तर घंटा दाबायची, शिट्टी येणार, दालनात दुसऱ्याला उभं करणार आणि रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिणार. एका महिन्यात अकरा वेळा 'पोट' असं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं आहे. ते रजिस्टर तिकीट खिडकीजवळ उघडं पडलेलं असतं. येणारा-जाणारा वाचतो.

मग नोव्हेंबरातली ती दुपार. तुम्ही दारात आलात, माझ्या उघड्या बटणाकडे पाहिलंत आणि तुमचा चेहरा एकदम उजळला. "अगं, सांगायचंस की," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुमची खुर्ची माझ्या दालनात होती.

दोन वर्षं अर्ज करून, गुडघ्याचा दाखला जोडून तुम्ही ती मिळवली होती. अख्ख्या मजल्यावर एकच खुर्ची. तुम्ही शिट्टीलाही जाऊन सांगितलंत आणि मला दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं सुट्टी मिळायला लागली. रकान्यात काही लिहिणं बंद झालं. आजारी बाई म्हणून जे मागायला मला तोंड नव्हतं, ते दिवस गेलेल्या बाईला न मागता मिळालं.

मी बसले, ताई. आठ आठवडे बसले. तुम्ही उभ्या होतात.


२७ फेब्रुवारी

ताई,

तुमचं उत्तर नाही. मी वाटही पाहत नाही. खोटं, पाहते. जिन्यात पोस्टमनची चाहूल लागली की दाराशी जाते.

त्या रविवारचं लिहायचं आहे. तुम्ही होतातच, पण तुम्ही दाराच्या एका बाजूला होतात. मी संडासात होते, आतून कडी लावून. सकाळपासून चौथ्यांदा. तिथून सगळं ऐकू येतं.

बेल वाजली. यांनी दार उघडलं. तुम्ही नाव सांगितलंत, हे म्हणाले, हो हो, पक्ष्यांच्या ताई ना, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. मग पिशवीचा आवाज झाला. मग तुम्ही म्हणालात, "अभिनंदन. माप अंदाजाने घेतलंय, थोडा मोठा होईल, पण पोरं लवकर वाढतात."

मी भिंतीला हात लावून बसले होते. मला वाटलं, आता हे म्हणतील, तुमचं काहीतरी चुकतंय. ते म्हणाले, "बसा ना. चहा टाकतो."

ताई, हे तुम्हाला माहीत नाही. आम्ही नऊ वर्षं वाट पाहिली. तीन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ठरवलं की पुरे. ठरवलं म्हणजे काय, एके दिवशी दवाखान्यातून येताना हे म्हणाले, पुढच्या वेळी नको, आणि मी बरं म्हटलं. त्यानंतर घरात तो विषय नाही. यांचं काम चष्म्याच्या दुकानात भिंगांची कड घासून देण्याचं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतात. बोलणं मुळातच कमी.

आणि मी आतून ऐकत होते की हा माणूस कपाटातून चांगले कप काढतोय, आणि दबक्या आवाजात तुम्हाला विचारतोय, "कितवा?" त्याला वाटत होतं की बायकोने त्याच्यापासून लपवून ठेवलंय, योग्य वेळी सांगणार असेल. तो तुमच्याकडून चोरून विचारून घेत होता.

मी बाहेर आले तेव्हा तुमच्या मांडीवर तो पिवळा स्वेटर होता आणि यांच्या तोंडावर जे होतं ते मी बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, तसं काही नाही. मी म्हटलं, गॅस आहे.

दुसरा शब्दच सुचला नाही. एखादा विनोद असावा तसं ते ऐकू आलं, पण कोणी हसलं नाही. तुम्ही स्वेटर पिशवीत परत घातलात, घडी न मोडता. उठताना गुडघा धरलात. यांनी हात पुढे केला तोही घेतला नाहीत. चहा तसाच राहिला. यांनी तो ओतून टाकला आणि कप विसळले, पुसले, जागेवर ठेवले.

पाचव्या दिवशी हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दोन मिनिटं मला खरं वाटलं. चांगली गेली ती."


९ मार्च

ताई,

मागच्या पत्रांत मी दोन गोष्टी गाळल्या. पहिली सोपी आहे. मी गप्प राहिले असं लिहिलं होतं, ते खरं नाही. तुम्ही त्याच दुपारी नंतर विचारलंत, कितवा, आणि मी म्हटलं, तिसरा. स्पष्ट आवाजात म्हटलं. तुम्हाला आठवत असेलच. वाचताना तुम्ही मान हलवली असेल, की अजूनही खोटंच लिहितेय.

दुसरी गोष्ट यांनाही सांगितलेली नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी नोव्हेंबरातच मला एक कागद दिला होता. डाव्या बाजूला काय खावं, उजव्या बाजूला काय टाळावं. त्यांनी नीट समजावलं होतं. उपाशी राहायचं नाही, दर तीन तासांनी थोडंथोडं खायचं, सावकाश चावायचं. कांदा, लसूण, गव्हाचा पाव, दूध, सफरचंद, कडधान्यं महिना-दीड महिना बंद, मग एकेक करून परत खाऊन पाहायचं, कशाने फुगतं ते वहीत लिहायचं. बहुतेकांना चार आठवड्यांत फरक पडतो, म्हणाल्या. फरक म्हणजे पोट उतरणार.

तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला. ताई, मी उजवी बाजू पाठ केली. दुपारच्या सुट्टीत मी दोन सफरचंदं खायचे, कडधान्याचं सूप प्यायचे आणि वर कच्चा कांदा. तीन वाजेपर्यंत पोट वर यायलाच हवं होतं, कारण तीनला तुम्ही तुमच्या फेरीला माझ्या दारात यायचात. कळा यायच्या. पाठीतून कपाळापर्यंत घाम फुटायचा. तुम्ही म्हणायचात, पाय वर घे, आणि मी पाय वर घ्यायचे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तळघरातल्या आरशासमोर मी एका बाजूला वळून उभी राहायचे, कोट मागे ओढून. पोटावर हात ठेवायचे. दुखत असायचं, आणि मला बरं वाटत असायचं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. मी वेडी झाले नव्हते. पण नऊ वर्षं मला तसं उभं राहायचं होतं.

आता रजेचं सांगते. तुम्ही गेल्यावर मी तो कागद खणातून काढला आणि पहिल्यांदा डावी बाजू धरली. सकाळी अंडं आणि भात, अकरा वाजता थोडं कच्चट केळं. तिसऱ्या आठवड्यात कोटाची सगळी बटणं लागायला लागली. आणि एके सकाळी तिकीट खिडकीवरच्या बाईने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि खिडकी बंद करून बाहेर आली. मला मिठी मारली. काही बोलू नकोस, म्हणाली. मी बोलले नाही. तिने शिट्टीला सांगितलं. त्यांनी डोळे वर न करता मला आठवड्याची रजा लिहून दिली.

त्याच दिवशी तिने मला कोट टांगायच्या खोलीत नेलं आणि तिचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं, पाचव्या महिन्यातलं. काय झालं ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. ती माझा हात धरून बोलत होती आणि मी हात धरू दिला.

मेलेलं बरं असं वाटणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तरीही मी रजा घेतली आणि घरी गेले.


२४ मार्च

ताई,

सांगून टाकलं.

आधी यांना, कांद्याचं. ते ऐकून उठले आणि खणातून तो कागद आणून वाचत बसले. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून कपाटातल्या एकेका बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचलं. तयार मसाल्यात कांद्याची पूड, सॉसमध्ये लसूण. त्या बाटल्या ओळीने बाजूला काढल्या. "आधी सांगितलं असतंस तर," म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. आता स्वयंपाक तेच करतात. लसूण तेलात परतून काढून टाकला की नुसती चव उतरते आणि मला त्रास होत नाही, हे त्यांनीच शोधलं. पण रात्री पाठ करून झोपतात. ते बदलायला वेळ लागेल.

मग सोमवारी हजेरीच्या वेळी शिट्टीला म्हटलं, सगळ्यांसमोर दोन मिनिटं बोलायचंय. म्हटलं, मला कधीच दिवस गेले नव्हते. पोटाचा आजार आहे, तो सांगायची लाज वाटली म्हणून हे होऊ दिलं. पक्ष्यांच्या ताईंना पहिल्या दिवसापासून फसवलं, त्यांचा गुडघा त्यामुळे गेला. त्यांना कळल्यावर त्यांनी माझी लाज झाकली, आणि मी त्यानंतरही खोटंच वागले. कोणीतरी फिदीफिदी हसलं. शिट्टी म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. रजा बिनपगारी झाली, ताकीद मिळाली, वरच्या जागेसाठी माझं नाव होतं ते गेलं. मी कारणाच्या रकान्यात माझ्या हाताने आजाराचं पूर्ण नाव लिहिलं, आणि अकराच्या खाण्यासाठी दहा मिनिटं मागितली. डॉक्टरांचा दाखला आणा, म्हणाले. आणला. दहा मिनिटं मिळतात. एवढं सोपं होतं ते.

तिकीट खिडकीवरची बाई हजेरीला नव्हती, तिची पाळी उशिराची. तिला वेगळं सांगायला हवं होतं, दुसऱ्याकडून कळायच्या आत. खिडकीशी गेले. तिने हसून तिकिटांचा गठ्ठा बाजूला केला. मी सांगितलं. ती ऐकत राहिली, हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. मग म्हणाली, "मी ते आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते परत दे."

कसं देणार, ताई? बाहेर रांग लागली होती. तिने पुढच्या माणसाला विचारलं, किती तिकिटं.

ती आता माझ्याकडे पाहत नाही. पाहावं असं मी म्हणणारही नाही. कुठे ती समोरून आली तर मी भिंतीकडे होते, तिला वाट मोकळी राहावी म्हणून.

हे तुम्हाला कळवलं ते शाबासकीसाठी नाही. सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.


३ एप्रिल

ताई,

तुमची चिठ्ठी मिळाली. चार ओळी आहेत, तरी मी ती जिन्यात उभी राहून कितीदा तरी वाचली. 'पत्रं मिळाली. राग आहे, राहील. रविवारी एक वाजता ये, एकटी. तुला खायला काय चालतं ते आधी कळव.'

आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी म्हटलं असतं, काहीही चालतं. लोकांकडे जेवायला गेले की ताटात पडेल ते खायचे आणि मग सगळा वेळ त्यांचा संडास कुठे आहे ते शोधत बसायचे. लाज वाटते लिहायला, एखाद्या लहान पोरीचे लाड असावेत असं वाटतं. पण तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते.

भात चालतो. बटाटा, गाजर, काकडी चालते. अंडं चालतं, मासाही. टोमॅटो एखादा. दूध चहापुरतं चालतं, पेलाभर नाही. गव्हाच्या पावाचा एक तुकडा मागच्या आठवड्यात खाऊन पाहिला, काही झालं नाही. दोन खाल्ले त्या दिवशी संध्याकाळी बटण उघडावं लागलं. सफरचंद नाही, कडधान्य अजून खाऊन पाहिलेलं नाही. कांदा अजिबात नाही. पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. हे सगळं पाहून तुम्हाला वैताग येईल. आला तर नुसता भात ठेवा, खरंच चालेल.

आणि मला एक वाजता खूप भूक लागलेली असते. पूर्वी मी भूकही लपवायचे. आता दर तीन तासांनी खाते तरी लागते, आणि सावकाश जेवते, मला वेळ लागतो. तुमचं आटोपलं तर उठा, माझ्यासाठी ताटकळू नका.

रागावायचं असेल तर जेवणाच्या आधी रागवा किंवा नंतर, जसं तुम्हाला ठीक वाटेल तसं. मी ऐकून घेईन. मधे बोलणार नाही.

चुकून कांदा पडलाच कशात, तर या वेळी मी मुकाट्याने खाणार नाही. तुमच्या तोंडावर सांगेन, आणि भात आणखी मागून घेईन.